पेन्शनच्या कागदावर सोनूचं नाव आहे का?

या वेळचं पत्र कराडजवळून आलंय. थोडं आटपशीर करून देते.

‘ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, २०२० साली निवृत्त झालो. माझं वय ६३, मंडळींचं ५८. मुलगी पुण्यात असते, तिला एक मुलगी आहे. धाकटा सोनू २४ वर्षांचा. त्याला डाउन सिंड्रोम आहे, दाखल्यावर ७५ टक्के लिहिलंय. आंघोळ, जेवण त्याचं तो करतो, पैशाचा व्यवहार कळत नाही. माझं शेवटचं मूळ वेतन ६८ हजार होतं. एफडी २६ लाखांच्या आहेत, घर स्वतःचं. संजय गांधी योजनेचा अर्ज तहसीलमधून परत आला. सोनूचं खातं उघडायला गेलो तर बँकेने कोर्टाचा कागद मागितला. एक ओळखीचा एजंट दिव्यांगांसाठीची पॉलिसी घ्या म्हणतोय. वर्षाला सव्वा लाखाचा हप्ता आहे, पण कर वाचेल म्हणतो. एफडींना मुलीचं नॉमिनेशन केलंय. घरही तिच्या नावावर करून मोकळं व्हावं असं वाटतं. ती भावाला टाकणार नाही. तरी रात्री झोप लागत नाही. आम्ही दोघं गेल्यावर सोनूला पैसे कुठून येतील, एवढं सांगा.’

गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एफडी किती, घर कोणतं, पॉलिसीचा हप्ता किती, सगळं व्यवस्थित लिहिलंत. पण तुमच्याकडे असलेली सगळ्यांत मोठी रक्कम पत्रात कुठेच नाही. ती म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यातला ११६ वा नियम काढून वाचा. तुमच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन वहिनींना मिळेल हे तुम्हाला माहीतच आहे. वहिनींच्या मागे ते अशा मुलाला मिळतं, ज्याला अपंगत्वामुळे पोटापुरतं कमावता येत नाही. त्याला वयाची अट नाही, ते तहहयात चालतं. नेहमीचा दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के. तुमच्या ६८ हजारांवर ते २०,४०० रुपये होतात, शिवाय महागाई भत्ता. तुम्ही अंशराशीकरण केलं असलं, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी पैसे घेतले असले, तरी या रकमेला कात्री लागत नाही. भत्ता आज पन्नास टक्क्यांच्या वर आहे. पन्नासच धरला तरी महिन्याला ३०,६०० रुपये झाले. एवढं व्याज सात टक्क्यांच्या एफडीतून काढायचं म्हटलं तर साडेबावन्न लाख ठेवावे लागतील, आणि ते व्याज महागाईबरोबर वाढणारही नाही. हे वाढतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पेन्शनच्या पुस्तकात होतं.

पण ते आपोआप मिळत नाही. आमच्या घरचं सांगते. माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. वडील सरकारी नोकरीत होते. ते गेले, आई गेली, आणि भावाचं पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. कारण काय? आईचं नाव एका कागदावर सुमन, दुसऱ्यावर सुमनबाई. भावाचा जन्माचा दाखला एका तारखेचा, शाळेचा दुसऱ्या. आणि वडिलांनी निवृत्त होताना कुटुंबाच्या तपशिलात भावाचं नाव लिहिलं होतं, पण तो दिव्यांग आहे हे लिहिलंच नव्हतं. लाज वाटून, की विसरून, कोण जाणे. ज्या टेबलावर ती फाइल अडली होती, तिथल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना समोरच्या कागदात दोन वेगळ्या बायका दिसत होत्या, इतकंच.

म्हणून तुमचं पेन्शन ज्या कार्यालयाने मंजूर केलं, तिथे जाऊन कुटुंबाच्या तपशिलात सोनूचं नाव आहे का आणि त्यापुढे अपंगत्वाची नोंद आहे का, हे डोळ्यांनी बघून या. नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पातळीचं प्रमाणपत्र लागेल. त्यात तो स्वतः उपजीविका करू शकत नाही असा स्पष्ट उल्लेख हवा. ७५ टक्के हा आकडा त्या वाक्याची जागा घेत नाही. तुम्ही हिंडते-फिरते आहात तोवर हे दोन महिन्यांचं काम आहे. तुमच्यामागे ते मुलीवर पडेल, तेही दुखवट्यात.

याला जोडूनच एक सावधगिरी. सोनूच्या स्वतःच्या नावावर मोठी एफडी करू नका. कुटुंब निवृत्तिवेतनाला ‘कमावता नाही’ ही अट आहे आणि इतर उत्पन्न त्यात मोजलं जातं. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांपुरती ही मर्यादा २०२१ मध्ये सैल केली: मुलाचं इतर उत्पन्न त्याला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असलं की तो पात्र. तुम्ही राज्याच्या नियमांत येता, तेव्हा तुमची मर्यादा त्याच कार्यालयातून लेखी घ्या. मायेपोटी मुलाच्या नावे ठेवलेल्या पैशांच्या व्याजानेच त्याचं पेन्शन अडायला नको.

(खासगी नोकरीतले वाचक लगेच विचारतील, आमचं काय? तुमचा पीएफ कापला जात असेल आणि तुम्ही कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये असाल, तर तिथेही कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट न लावता तहहयात मुलांचं पेन्शन आहे. रक्कम बेताची असते, पण मागितल्याशिवाय तीही मिळत नाही.)

आता बँक. बँकेने तुम्हाला परत पाठवलं त्यात थोडं तिचं खरं आहे, थोडं चुकलंय. सोनू अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी कायद्याने तुमचं पालकत्व संपलं. बहुतेक आईवडिलांना हे पहिल्यांदा बँकेच्या खिडकीवरच कळतं. पण त्यासाठी कोर्टात जायची गरज नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. सगळे याला नॅशनल ट्रस्टच म्हणतात. त्याच्या १३ व्या कलमाखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख, सोबत एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा, वकील लागत नाही. समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. काउंटरवर ते माहीत नसेल तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी द्या. तोंडी वाद घालत बसू नका.

पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. चाळीस वर्षं हजेरीपट भरलेल्या माणसाला हे जड जाणार नाही. मुलीला मात्र आत्ताच सांगून ठेवा, कारण तुम्ही दोघं नसताना पालक म्हणून नव्याने अर्ज तिलाच करावा लागेल. तुमचं प्रमाणपत्र तिच्याकडे वारशाने जात नाही.

या सगळ्याच्या मुळाशी दाखला. तो कधीचा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. हाताने लिहिलेला, ‘मतिमंद’ असा शब्द असलेला जुना कागद असेल तर केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढा. ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं कार्ड मिळतं, ८० आणि पुढे निळं. दाखल्यावर डाउन सिंड्रोम असं निदान असलं तरी ‘बौद्धिक दिव्यांगता’ हे शब्द यायला हवेत, कारण नॅशनल ट्रस्टचं दार त्या शब्दांनी उघडतं. आणि ‘पंच्याहत्तरचे ऐंशी करून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज परत आला, तो नियमानेच आला. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे. तुमचं एका महिन्याचं पेन्शनच त्यापुढे जातं. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना या योजनेत महिन्याला अडीच हजार मिळतात, ज्यांच्या घरात काहीच नाही त्यांच्यासाठी ती रक्कम मोठी आहे. तुम्ही तिच्यामागे चपला झिजवू नका. त्याऐवजी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत पाच टक्के निधीची चौकशी करा. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तो कसा वाटतात हे गावागणिक बदलतं. कुठे रोख, कुठे साहित्य, कुठे मार्च उजाडेपर्यंत नुसतीच यादी. एसटीत सोनूला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांपुढे अपंगत्व असल्याने सोबत जाणाऱ्याला ५० टक्के. नात बघायला पुण्याला जाता तेव्हा वापरता ना? शिक्षक असताना तुमच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा, वर्षाला अडीच हजार. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना तो महाराष्ट्रात माफ आहे. तुमचं गेलं ते गेलं. नोकरीतल्या कोणा पालकाला माहीत नसेल तर त्याला सांगा.

निरामय मात्र याच महिन्यात घ्या. नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही आणि शुल्क काही शे रुपये. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बाहेरच्या बाहेर होणारे उपचार आणि थेरपी बसत नाहीत, इथे ठरलेल्या मर्यादेत बसतात. लाखात मोठी शस्त्रक्रिया होणार नाही, तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. पण दात, डोळे, थायरॉइडच्या तपासण्या या डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या नेहमीच्या खर्चाला निरामय उपयोगी पडतं.

आता त्या एजंटचं बोलू. एजंट म्हणतो कर वाचेल. कोणता कर? तुमचं पेन्शन भत्त्यासह वर्षाला सहा-सव्वासहा लाख, एफडीचं व्याज पावणेदोन-दोन लाख. सगळं मिळून आठ लाखांच्या आसपास. नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला कर शून्य आहे. जो कर तुम्ही भरतच नाही, तो वाचवायला वर्षाला सव्वा लाख द्यायचे? अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठीची वजावट, जिला सगळे ८०-डीडी म्हणून ओळखतात, ती आहे, नाही असं नाही. ४० टक्क्यांपुढे ७५ हजार, ८० टक्क्यांपुढे सव्वा लाख, खर्च किती झाला त्याच्याशी तिचा संबंध नाही. पण ती जुन्या कररचनेतच मिळते. ज्यांचं उत्पन्न जास्त आहे आणि जे जुनी रचना निवडतात, त्यांना ती कामाची. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आल्यामुळे कलमाचा आकडा बदलतो, तेवढं विवरणपत्र भरताना बघावं.

या पॉलिसींची आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी त्यांतले पैसे आईवडील गेल्याशिवाय मुलाला मिळतच नसत. मुलगा पन्नाशीचा, बाप ऐंशीचा, पैसे विमा कंपनीकडे आणि घरात औषधाला मोताद. याविरुद्ध एक पालक, रवी अग्रवाल, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१९ मध्ये न्यायालयाने कायदा रद्द केला नाही, पण सरकारने यावर विचार करावा असं सुचवलं. २०२२ च्या वित्त कायद्यात बदल झाला आणि पालक साठ वर्षांचे झाल्यावरही पैसे मिळायला वाट झाली. वाट रुंदावली हे चांगलंच. तरीही ६३ व्या वर्षी तुमच्या मृत्यूवर विमा घेणं महाग पडतं, आणि तुमच्या मृत्यूनंतर चालू होणारं उत्पन्न तुमच्याकडे आधीच आहे. एजंटला नाही म्हणा. ओळखीचा असल्यामुळे जड जाईल, मला कल्पना आहे.

मुलीच्या नावावर सगळं करण्याचं सांगते. तुमची मुलगी भावाला टाकणार नाही, मान्य. मी स्वतः अशीच बहीण आहे, तेव्हा तिच्या बाजूनेच बोलते. घर तिच्या नावावर केलंत आणि उद्या तिला काही झालं, तर मृत्युपत्र नसताना ते घर हिंदू वारसा कायद्याने तिच्या मुलीकडे आणि नवऱ्याकडे जाईल. सोनूचा त्यावर हक्क राहणार नाही. जावई भला असेल, पण तुम्ही त्याच्यावर कायद्याने काहीच सोपवलेलं नसेल. जावयाचा धंदा बुडाला, कर्जाला तिची सही असली, तर बँक सोनूची खोली वगळून जप्ती करत नाही. आणि बहिणीवरही एक ओझं येतं, जे कोणी बोलत नाही. भावासाठीचे पैसे आणि स्वतःचे पैसे एकाच खात्यात असले की स्वतःसाठी फ्रीज घेतानाही चोरी केल्यासारखं वाटतं. मला वाटायचं.

नॉमिनेशनचंही तसंच. बँकेच्या ठेवीवरचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. पैसे कोणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं किंवा ते नसेल तर वारसा कायदा.

म्हणून तुम्ही आणि वहिनी, दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रं करा. आशय साधा ठेवा: आधी एकमेकांना, आणि दुसरं हयात नसेल तर घर आणि ठेवी सोनूसाठीच्या ट्रस्टला, म्हणजे विश्वासातल्या माणसांनी (ट्रस्टींनी) फक्त त्याच्यासाठी सांभाळायच्या मालमत्तेत. हा ट्रस्ट मृत्युपत्रातच लिहून ठेवायचा, तुमच्या मृत्यूनंतर तो अस्तित्वात येतो. आज स्वतंत्र ट्रस्ट स्थापन करून त्याचे हिशेब, पॅन, विवरणपत्रं करत बसण्याइतकी तुमची मालमत्ता नाही, हे स्पष्टच सांगते. मोठ्या ट्रस्टी कंपन्यांची फी सव्वीस लाखांच्या व्याजाला परवडणारी नाही. शिवाय अशा ट्रस्टवर एरवी सर्वांत वरच्या दराने कर लागू शकतो, पण अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्राने केलेला तो एकमेव ट्रस्ट असेल तर नेहमीच्या दरांनी लागतो. वकिलाला ‘फक्त सोनूसाठी आणि एवढा एकच’ हे शब्द नीट घालायला सांगा. दोन साक्षीदार, त्यांतला एक डॉक्टर असला तर बरं. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या.

ट्रस्टी कोण? मुलगी असावीच, पण एकटी नको. बहुतेक जण दुसरा ट्रस्टी म्हणून आपल्या वयाचा जिवलग मित्र लिहितात. तो तुमच्याच आगेमागे जाणार. चाळिशीतला पुतण्या, भाचा, तुमचा एखादा जुना विद्यार्थी बघा. शिक्षकाकडे ही एक श्रीमंती असते. पैसे सांभाळणारा आणि सोनूला रोज सांभाळणारा एकच माणूस असला तर हिशेब विचारणारं कोणी उरत नाही, म्हणून दोघं वेगळे असलेले बरे. आणि सोनूच्या मागे जे उरेल ते कोणाला, तेही लिहा. सोनूला स्वतःला मृत्युपत्र करणं अवघड आहे.

तो राहील कुठे, हे तुम्ही विचारलं नाहीत. मुलीकडेच, असं तुम्ही धरून चाललात. तिला विचारलंत का? पुण्यातल्या दोन खोल्यांत एक प्रौढ भाऊ कायमचा येणं आणि दिवाळीला पंधरा दिवस येणं यात फरक आहे. ती हो म्हणेल. तरीही पेन्शनचे तीस हजार आणि ट्रस्टचं व्याज हातात असताना तिने म्हटलेलं हो, आणि काहीच नसताना म्हटलेलं हो, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. नॅशनल ट्रस्टच्या समर्थ-कम-घरौंदा निवासी योजनेखाली प्रौढांसाठी आयुष्यभर राहण्याची घरं चालवणाऱ्या संस्था आहेत, इतरही काही चांगल्या निवासी संस्था आहेत. तुम्ही धडधाकट असतानाच दोन-तीन बघून या, आणि सोनूला एकदा आठवडाभर ठेवून बघा. आम्ही भावाला ठेवला तेव्हा तो रडेल म्हणून आई बाहेर बाकावर बसून राहिली. तो कॅरम खेळत होता.

एक वही करा. शंभर पानी, साधी. सोनूची औषधं, डॉक्टर, रक्तगट, यूडीआयडी क्रमांक हे असेलच. पण त्याला काय लागतं तेही लिहा. उदाहरणार्थ, चहा बशीतूनच, वीज गेली की घाबरतो, ‘टीटी’ म्हणजे पोट दुखतंय, दाढीला मावशीच्या मुलाचाच हात चालतो. हे सगळं आज फक्त वहिनींच्या डोक्यात आहे. तुम्ही लिहा, त्या सांगतील.

आणि सोनूला पैसे कळत नाहीत म्हणालात. हजार कळत नसतील. दहाची नोट देऊन कोपऱ्यावरून बिस्किटचा पुडा आणायला पाठवलाय का कधी? पाठवून बघा, एकाच दुकानात, रोज त्याच वेळी. महिनाभराने दुकानदाराला विचारा.

सगळं एकदम काढू नका. या सोमवारी पेन्शनच्या कार्यालयात जा. पोच मिळाली की यूडीआयडी आणि निरामय, मग साताऱ्याचा अर्ज. मृत्युपत्रासाठी मुलगी दिवाळीला येईल तेव्हा तिला बसवून घ्या, जावयासह. कुटुंबाच्या तपशिलात सोनूचं नाव सापडलं की नाही, ते मात्र मला कळवा.